धूर कुठे जाणार, हे आधी ठरवा

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, वीज तुटली की एकसारखी शिट्टी वाजवतो. गेल्या वर्षी मे महिन्यात ती शिट्टी आमच्या घरात रात्री पाऊण वाजता वाजली.

आम्ही पुण्यात, धायरीत रो-हाऊसमध्ये राहतो. सासूबाईंना, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, सीओपीडी हा फुफ्फुसांचा कायमचा आजार आहे. त्यांनी जन्मात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. भोर तालुक्यातल्या गावी पस्तीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ धरला, तो धूर छातीत राहिला. आता रात्रभर आणि दिवसातले काही तास त्यांना मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागतो. त्या दिवशी पावणेदहाला वळवाचं वादळ आलं, कोपऱ्यावरचं झाड तारांवर आडवं झालं आणि सगळी गल्ली अंधारात गेली. घरच्या इन्व्हर्टरने कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा आणि एक दिवा तीन तास ओढला आणि मग बॅटरी संपली.

अशा वेळेसाठी आम्ही ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर ठेवतो. भरलेला असेल तर त्यात दीड हजार लिटर, म्हणजे आईंना बारा तासांहून जास्त पुरेल इतका ऑक्सिजन असतो. पण तो अर्धाच होता, आणि अर्धा आहे हे मला लावताना काटा बघितल्यावर कळलं. वीज आली दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. सकाळी नवरा सिलिंडर भरून आणायला गेला होता आणि मी आईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून त्यावरचा आकडा बघत बसले होते. नव्वदच्या खाली गेला की त्यांना म्हणायचं, आई, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडा. त्या सोडायच्या. एवढं करूनही त्याच मला म्हणाल्या, "तू दोन घास खाऊन घे."

जनरेटर घ्यायचा हे त्या दुपारीच ठरलं. पुढचे तीन महिने कोणता घ्यायचा यात गेले.

माझा स्वतःचाही एक स्वार्थ त्यात होता. मला आकाशाचं वेड आहे. कॉलेजात असताना टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जायला लागले, तेव्हापासूनचं. ही संस्था १९४४ सालची, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी. आता आमचा दहा-बारा जणांचा गट दर हिवाळ्यात वेल्ह्याकडच्या एका मित्राच्या शेतावर दोन रात्री मुक्काम करतो. दुर्बिणींच्या मोटारी, भिंगांवर दव साचू नये म्हणून लावायच्या हीटरच्या पट्ट्या, लॅपटॉप, कॅमेऱ्यांचे चार्जर, सगळ्याला वीज लागते आणि शेतावर फक्त विहिरीची मोटार आहे, तीही वीज असेल तेव्हा. त्यामुळे मला घराला आधार देणारं आणि गाडीत घालून नेता येईल असं एकच यंत्र हवं होतं.

आधी मोठ्या बॅटरीचाच विचार केला, कारण तिला आवाज नाही आणि धूरही नाही. पण हिशोब मांडला तेव्हा जमेना. आमच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी १५० अँपिअर-अवरची. कागदावर ती १८०० वॅट-तास भरते. प्रत्यक्षात ती पूर्ण रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज खर्ची पडते, म्हणून हाती अकराशेच्या आसपास लागतात. सतरा तासांसाठी मला तशा पाच-सहा बॅटऱ्या लागल्या असत्या, आणि अठराव्या तासाला पुन्हा तोच प्रश्न. इंधनाचं तसं नसतं, एक डबा संपला की दुसरा लावता येतो.

दुकानांत पहिली अडचण शब्दाचीच आली. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवाला इन्व्हर्टर. मी "इन्व्हर्टर जनरेटर" म्हणाले की समोरचा म्हणायचा, "मॅडम, इन्व्हर्टर पाहिजे का जनरेटर?" फरक असा आहे. साधा जनरेटर ५० हर्ट्झची वीज थेट फिरण्यातून काढतो, त्यासाठी इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर अडकलेलं असतं. एक दिवा लावा नाहीतर पंप लावा, ते तेवढ्याच जोरात ओरडतं. भार बदलला की वेग डगमगतो आणि विजेची लहर वेडीवाकडी होते. इन्व्हर्टर जनरेटर आधी वीज बनवतो, तिची डीसी करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किटातून स्वच्छ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची लहर घडवतो. इंजिनाचा वेग आणि विजेची वारंवारता यांची फारकत झाल्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरू शकतं. आवाज कमी, पेट्रोल कमी. लहरीतली विकृती चांगल्या यंत्रात ३ टक्क्यांच्या आत असते. कॉन्सन्ट्रेटरमधल्या सर्किटासाठी आणि दुर्बिणीच्या मोटारीसाठी मला तशीच स्वच्छ लहर हवी होती.

साधा जनरेटर मला चांगला आठवतो. भारनियमनाच्या वर्षांत लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर दुकानागणिक एक ठेवलेला असायचा, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवलेला, निळसर धूर सोडणारा. २००६ मध्ये कारखान्यांच्या स्वतःच्या जनरेटरांची वीज वापरून पुणे भारनियमनमुक्त करायचा प्रयोग झाला, तेव्हा तो आवाज एकदम थांबला आणि रस्त्यावर माणसं बोलताना ऐकू यायला लागली होती. म्हणून गल्लीत पुन्हा तसं काही आणायचं नाही हे माझं पक्कं होतं.

किती शक्तीचं यंत्र हवं, हे दुकानदाराला विचारू नये. तो विचारतो, "एसी चालवायचाय का?" आणि उत्तर काहीही दिलं तरी तीन केव्हीएचं (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप) यंत्र दाखवतो. मी तपकीर गल्लीतून प्लगमध्ये बसणारा एक छोटा वॅटमीटर आणला आणि आठवडाभर घरातली एकेक वस्तू त्यावर लावली. कॉन्सन्ट्रेटर ३४० वॅट. फ्रिज चालताना १२०, पण सुरू होतानाचा धक्का सातशेच्या वर. तीन पंखे मिळून २१०. दिवे, वायफाय, मोबाइल धरून ८०. एकूण साडेसातशे. हे सगळं लहान यंत्रात बसतं. अडतो तो पाण्याचा पंप. आमचा अर्ध्या अश्वशक्तीचा आहे. चालताना साडेपाचशे वॅट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट. ज्यांच्याकडे एक अश्वशक्तीचा पंप आहे त्यांनी दोन केव्हीएच्या यंत्राचा नाद सोडावा, ते पंप उचलणार नाही. गिझर, इस्त्री, एसी मी यादीतून पहिल्याच दिवशी काढले. वादळाच्या रात्री कोणाला इस्त्री करायची असते?

मग त्या यादीवरून उलटा हिशोब केला. समुद्रसपाटीपासून वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. पुणे ५६० मीटरवर आहे, म्हणजे साडेसहा टक्के इथेच गेले. मला पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारं यंत्र हवं होतं, आणि पेट्रोलऐवजी गॅसवर चालवलं की आणखी दहा टक्के जातात. खोक्यावर सतत १८०० वॅट लिहिलेलं यंत्र धायरीत गॅसवर दीड हजारच देणार. खोक्यावर ठळक छापलेला आकडा तर त्याहूनही मोठा असतो, पण तो काही सेकंदांचा असतो. सतत किती, ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं. केव्हीए आणि किलोवॅट यांतही असाच घोळ घालतात. मला दीड हजार पुरत होते. फक्त पंप लावताना फ्रिज बंद ठेवायचा, एवढी शिस्त पाळायची.

दोन इंधनांचं यंत्र का, असं नवऱ्याने विचारलं होतं. त्याला साधं पेट्रोलचं पुरेसं वाटत होतं, आणि शोरूममध्ये तीच जास्त मिळतात. माझं म्हणणं असं होतं की घरचा जनरेटर वर्षातले साडेतीनशे दिवस नुसता बसून असतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये दोन-तीन महिने पडून राहिलं की चिकट राळ धरते, आणि ज्या रात्री गरज असते त्याच रात्री इंजिन सुरू होत नाही. शिवाय वादळाच्या रात्री दोन वाजता पंपावर कोण जाणार, आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ते पेट्रोल देत नाहीत ते वेगळंच. गॅस मात्र सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो, सडत नाही. म्हणून घरी गॅस. शेतावर मात्र थंडी असते, तिथे पेट्रोल हाताशी हवं. त्याचं कारण पुढे येईलच.

भाचा न्यूजर्सीत असतो. त्याच्याकडे असं यंत्र आहे आणि तो ते विकायच्या बेतात होता. म्हणाला, "मावशी, कंटेनरमधून सामान पाठवतोय, त्यात टाकतो." पेट्रोलवर १८५० वॅट, गॅसवर १६६५, वजन जेमतेम अठरा किलो, आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड वाढला की आपोआप बंद पडणारा सेन्सर. मला फार मोह झाला. पण ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने चढवता येतं, वारंवारता बदलत नाही. पन्नाससाठी बांधलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर साठवर जोरात फिरला असता. त्याची गॅसची नळी तिकडच्या सिलिंडरच्या आट्यांची, आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला ती बसत नाही. मधे कुठला तरी जुगाडी जोड लावून गॅस आणायचा, हे माझ्या मनाला पटलं नाही. त्याला नको म्हणून कळवलं.

सिलिंडरचं आणखी एक सांगायला हवं, कारण दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर जनरेटरला लावणं बेकायदा आहे; घरगुती गॅस फक्त स्वयंपाकासाठी. एका दुकानात मला सरळ सांगितलं, "घरचाच लावा हो, कोण बघतंय." मी पाच किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर घेतला. इंडियन ऑइलचा 'छोटू' नावाने मिळतो, ओळखपत्र दाखवलं की एजन्सीत देतात, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडतो. पण वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या गोष्टीला तो भाव मला जड वाटला नाही, आणि पाच किलोचा एकटीला उचलता येतो. आमच्या ओट्याला पाइपचा गॅस आहे. त्यालाच टी लावून द्या, असंही एकाने सुचवलं. पाइपमधून मिथेन येतो, सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं. दोघांचा दाब वेगळा, गॅस सोडणारं छिद्र (जेट) वेगळं. एकासाठी बनवलेलं यंत्र दुसऱ्यावर जोडायचं नसतं.

पेट्रोलच्या यंत्राला बाहेरून गॅस किट बसवून देणारेही बरेच भेटले. एकाने माझ्यासमोर बसवून दाखवलं, आणि जोडावर साबणाचं पाणी लावायला सांगितल्यावर बुडबुडे आले. तो म्हणाला, "टेफलॉन टेप अजून दोन वेढे मारू." मी तिथून निघाले. ज्या घरात ऑक्सिजन चालू असतो त्या घराजवळ गळका जोड मी ठेवू शकत नाही. कारखान्यातूनच दोन्ही इंधनांसाठी बांधलेलं, २३० व्होल्टचं आणि आपल्या व्हॉल्व्हला बसणाऱ्या रेग्युलेटरसह येणारं यंत्र शोधायला म्हणूनच वेळ लागला. नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानात ते मागवून मिळालं. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलतात, आणि तुमच्या पंपाचा आकडा माझ्या पंपाचा नाही.

त्या दुकानदाराबद्दल मात्र चांगलं लिहायलाच हवं. मी म्हणाले, मला चालवून बघायचंय, तर त्यांनी ते दुकानामागच्या बोळात नेलं. मी घरून संगणकाचा जुना यूपीएस नेला होता. ही युक्ती मला आमच्या गटातल्या एका इंजिनियरने सांगितली होती: वीज खराब असली की यूपीएस ती स्वीकारतच नाही, आपल्या बॅटरीवर जाऊन टिकटिक करत बसतो. शेजारच्या साध्या जनरेटरला लावला तेव्हा तसंच झालं. या यंत्रावर तो गप्प राहिला आणि चार्ज व्हायला लागला. मग मी हजार वॅटची इस्त्री लावली आणि काढली, परत लावली. इंजिनाचा आवाज चढला, उतरला, पण यूपीएस हलला नाही. मला तिथेच खात्री पटली.

आवाजाचे आकडे सगळ्यांत फसवे. एका पत्रकावर ५८ डेसिबल, दुसऱ्यावर ८६, आणि पहिल्या यंत्राचा आवाज कमी असेलच असं नाही. आपल्याकडे पेट्रोल-रॉकेलच्या जनरेटरला ८६ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीची. सात मीटरवर उभं राहून मोजलं तर तोच आकडा पंचवीसने कमी भरतो, म्हणजे ६१. त्यातही पत्रकवाले पाव भाराला मोजतात. म्हणून कुठलाही आकडा सांगितला की मी दोनच प्रश्न विचारायचे: किती अंतरावरून आणि किती भाराला? बहुतेकांकडे उत्तर नसायचं. या दुकानदारांनी यंत्रावरची सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) मान्यतेची पाटी दाखवली आणि म्हणाले, "ताई, रात्री शेजाऱ्यांना ऐकू जाणार. जात नाही असं सांगणारा खोटं बोलतो." निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मला माहीत होतं. मी घरी येऊन दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे गेले, कशासाठी घेतोय ते सांगितलं. डावीकडच्या काकू म्हणाल्या, त्या रात्री आम्हीपण जागेच होतो गं.

तीन केव्हीएचं यंत्रही तिथे होतं. साठ किलोचं, चाकांवर. आमचं चोवीस किलोचं आहे. मी दोन्ही उचलून पाहिली, म्हणजे एक उचललं आणि दुसरं हललं नाही. मुलगा बंगळुरूला, नवरा महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर. रात्री एक वाजता ते बाहेर मी काढणार आहे. सुरू करायची दोरी पण तिथे दहादा ओढून पाहिली.

आता धुराचं. खरं तर सगळ्यात आधी हेच ठरवायला हवं होतं आणि मी ते यंत्र घरी आल्यावर ठरवायला बसले. मनात धरलं होतं मागचं अंगण. तिथे नळ आहे, पत्रा आहे, वायर आत घ्यायला सोपी. पण अंगण तीन मीटर रुंद आणि त्यावर आईंच्या खोलीची खिडकी. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, गॅसवर चालवलं तरी तो असतोच. यंत्र दारा-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर आणि धुराचं तोंड घराकडे पाठ करून ठेवायचं असतं. गच्ची, बाल्कनी, डक्ट, जिन्याखालची जागा, बंद पार्किंग, यांतलं काहीही चालत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मला विचारलं तेव्हा मी तिला सरळ सांगितलं की तू बॅटरीच घे, तुझ्याकडे हे ठेवायला जागा नाही. ती थोडी नाराज झाली.

आईंची छाती धुरानेच गेली. त्यांच्याच श्वासासाठी आणलेल्या यंत्राचा धूर त्यांच्या खिडकीतून आत जावा, ही कल्पना मला सहन होईना. शेवटी सोसायटीच्या बागेच्या कुंपणाचा कोपरा सापडला, आमच्या फाटकापासून तेरा मीटर, जवळ कुणाचीच खिडकी नाही. कमिटीला अर्ज दिला. लोखंडी अँगलवर पत्र्याचं छप्पर घातलं, चारी बाजू मोकळ्या. खाली सपाट फरशी आणि साखळीला कडी. पंधरा मीटर तीन कोअरची अडीच स्क्वेअर एमएमची केबल तपकीर गल्लीतून आणली. आईंच्या खोलीत आणि हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा एकेक अलार्म लावला. तो दरमहा बटण दाबून तपासते.

घरात वीज घ्यायला इलेक्ट्रिशियन काकांनी डबल पोलचा चेंजओव्हर स्विच बसवला. एकतर बाहेरची लाइन, नाहीतर जनरेटर. दोन्ही एकदम जोडले जाऊच शकत नाहीत. काहीजण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घुसवतात. ती वीज मीटरमधून उलटी तारांवर जाते. खांबावर चढलेला लाइनमन ती तार मेलेली समजून हात लावतो. आमच्या गल्लीतलं झाड ज्यांनी रात्रभर पावसात कापलं, त्यांचे चेहरे मी टॉर्चच्या उजेडात पाहिलेत. असली वायर कुणाकडे दिसली तर तोडून टाका. काकांनी अर्थिंगचा रॉडही ठोकला आणि म्हणाले की या यंत्राचं न्यूट्रल जमिनीला जोडलेलं नसतं, त्यामुळे घरातल्या आरसीसीबीवर, म्हणजे शॉक बसायच्या आत वीज तोडणाऱ्या स्विचवर, जनरेटर चालू असताना भिस्त ठेवू नका, ओल्या हाताने काही करू नका.

इथे एक अपेक्षाभंगही झाला. मला वाटलं होतं, संध्याकाळी तीन तास जनरेटर चालवून इन्व्हर्टरची बॅटरी भरून घेऊ आणि रात्र शांत काढू. पण ट्युब्युलर बॅटरी सावकाश भरते. आमचा इन्व्हर्टर तिला १५ अँपिअरच देतो, म्हणजे तीन तासांत ४५ अँपिअर-अवर, आणि त्यावर कॉन्सन्ट्रेटर जेमतेम सव्वा तास. तेव्हा घरी क्रम असा ठरला: आधी बॅटरी, ती संपत आली की यंत्र, आणि मग सकाळपर्यंत यंत्रच. ऑक्सिजनचा सिलिंडर आता कायम भरलेला, मधल्या दहा मिनिटांसाठी आणि यंत्र बिघडलंच तर.

डिसेंबरात जेमिनिड उल्कावर्षावासाठी वेल्ह्याला गेलो तेव्हा ते पहिल्यांदा घराबाहेर पडलं. मागच्या सीटवर नाही, डिकीत, टाकी रिकामी करून. शेतावर पोचलो, सुरू केलं, पाच मिनिटांत बंद. परत सुरू, परत बंद. तेल बघितलं, भरलेलं. अर्धा तास गेला. शेवटी आमच्या त्याच इंजिनियर मित्राने यंत्राखाली हात घालून पाहिलं: भाताच्या खाचराच्या बांधावर ते तिरकं उभं होतं. तेल एका बाजूला गेलं की सेन्सरला वाटतं तेल संपलंय, आणि तो इंजिन वाचवायला बंद करतो. सपाट दगडी जोत्यावर ठेवल्यावर पुन्हा तक्रार नाही.

दुसऱ्या रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास होती. गॅसवर चालू असताना इंजिन धापा टाकल्यासारखं करायला लागलं. सिलिंडरच्या खालच्या अंगावर आधी दव आणि मग पांढरा थर दिसला. आतला द्रव वायू होताना स्वतःची उष्णता ओढून घेतो. सिलिंडर लहान, त्यात अर्धा रिकामा, बाहेर थंडी, आणि ब्युटेन तर शून्याच्या थोडं खालीच उकळतो, मग दाब टिकत नाही. कुणीतरी गरम पाणी ओता म्हणालं. मी नको म्हटलं, गॅस बंद करून पेट्रोलवर घेतलं, तेव्हा ते सुरळीत चाललं. दोन इंधनांचे पैसे मला त्या रात्री पटले, आणि नवऱ्यालाही.

रात्रभर मात्र आम्ही ते चालवलं नाही. गटाकडे लिथियमची दोन पॉवर स्टेशनं, म्हणजे सॉकेट असलेल्या बॅटरीच्या पेट्या आहेत, त्या भरभर चार्ज होतात. संध्याकाळी सहा ते नऊ जनरेटर, मग बंद, आणि पहाटेपर्यंत सगळ्या दुर्बिणी बॅटरीवर. नऊला इंजिन थांबलं तेव्हा रातकिडे ऐकू आले आणि थोड्या वेळाने लांबून कोल्हे. एका रात्रीच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी जनरेटर नेऊच नये असं माझं मत आहे, बॅटरी पुरते. आणि अभयारण्यात, काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला, गडावर, अजिबात नाही. आम्ही मित्राच्या खाजगी शेतावर जातो, सगळ्यांत जवळचं घर अर्ध्या किलोमीटरवर.

पहिल्या वीस तासांनंतर तेल बदललं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गॅसवर वीस मिनिटं चालवते, भार लावून. पेट्रोलवर वापरलं असेल तर ठेवण्याआधी इंधनाचा कॉक बंद करून ते आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवते, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा तसंच वादळ आलं. नवरा नागपूरला होता. साडेअकराला बॅटरीचा काटा खाली आला तेव्हा पाऊस थांबला होता. रेनकोट चढवला, गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, जोडांवर साबणाचं पाणी, मग दोरी. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. भार न लावता दोन मिनिटं गरम होऊ दिलं, घरात येऊन चेंजओव्हर फिरवला. कॉन्सन्ट्रेटरचा हिरवा दिवा तसाच होता. आई जाग्या झाल्या.

"आपलाच का गं तो आवाज?"

"हो आई. त्रास होतोय का?"

"नाही. लांब आहे." मग नाकातली नळी नीट करत म्हणाल्या, "वास नाही आला बघ कसला." आणि कुशीवर वळल्या.

बोटावरचा आकडा ९३ होता. सकाळी साडेपाचला वीज आली. उजाडल्यावर सिलिंडर सोडवला आणि प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्याला अडकवला. सहा तासांत एक किलो आठशे ग्रॅम गॅस गेला होता.